डेलामेर घराणे आणि मसाईंची कुरणे

नैरोबीहून वायव्येकडे निघालेला रस्ता रिफ्ट खोऱ्याच्या उंच कड्यावरून खाली उतरतो, नैवाशा सरोवराच्या बाजूने पुढे सरकतो आणि नाकुरू शहराची वाट धरतो. नाकुरू येण्यापूर्वी डाव्या हाताला एल्मेंटाइटा नावाचे उथळ, खाऱ्या पाण्याचे सरोवर दिसते. त्याच्या काठावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात तेव्हा पाण्याला गुलाबी किनार लावल्यासारखी वाटते. या सरोवराभोवतीच्या विस्तीर्ण माळरानाचे नाव आहे सोयसांबू. मसाई भाषेतील या शब्दाचा अर्थ चट्ट्यापट्ट्यांचा खडक. नाव मसाईंचे, परंतु मालकी शंभराहून अधिक वर्षे एका इंग्रज कुटुंबाची. ते कुटुंब म्हणजे लॉर्ड डेलामेर यांचे चम्ली घराणे.

वसाहतींच्या इतिहासात राजे, सेनापती आणि गव्हर्नर यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वसाहत म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर एखाद्या शेतकरी कुटुंबाची कहाणीच वाचावी. जमीन कशी मिळाली, ती कशी कसली गेली, मुलानातवंडांच्या हाती ती कशी गेली आणि ज्यांची ती आधी होती त्यांचे पुढे काय झाले, हे चार प्रश्न विचारले की साम्राज्याचा सारा हिशेब समोर येतो. डेलामेर घराण्याची कहाणी त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आपल्या गोव्याच्या बांधवांचाही तिच्याशी संबंध येतो. तो पुढे येईलच.

या घराण्याचे मूळ घर इंग्लंडच्या चेशायर परगण्यात होते. त्याचे नाव व्हेल रॉयल. हे घर मुळात घर नव्हतेच. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तेराव्या शतकात सिस्टर्सियन संघाच्या संन्यासी धर्मबंधूंसाठी तेथे मठ स्थापन केला होता. १२७७ साली राजाने स्वतः त्याच्या पायाचा दगड बसविला. पुढे आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडून इंग्लंडमधील सारे मठ बरखास्त केले. त्यात १५३८ साली व्हेल रॉयलही गेला. मठाची जमीन दरबारी माणसाच्या हाती पडली, महामंदिर पाडले गेले, आणि काही पिढ्यांनंतर, १६१५च्या सुमारास, चम्ली घराण्याने ती मालमत्ता खरेदी केली. खरेदी कायदेशीर होती. दाम मोजले होते. तथापि जेथे दिवसरात्र प्रार्थना चालत असे तेथे आता एका उमरावाचा वाडा उभा राहिला होता. जमीन हातोहात फिरली की तिचा पहिला इतिहास पुसला जातो आणि शेवटच्या खरेदीदाराला आपण निर्दोष आहोत असे मनापासून वाटू लागते. ही गोष्ट या घराण्याच्या इतिहासात पुढे पुन्हा एकदा, दुसऱ्या खंडात, घडणार होती.

ह्यू चम्ली, तिसरा लॉर्ड डेलामेर, याचा जन्म १८७० सालचा. वडील वारले तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत शिकलेला, हट्टी, तापट आणि शिकारीचा नाद लागलेला हा तरुण १८९१ साली सिंहांच्या शिकारीसाठी सोमालीलँडला गेला आणि मग दरवर्षी जाऊ लागला. १८९४ साली एका जखमी सिंहाने त्याला खाली पाडले. त्याचा बंदूकवाहक अब्दुल्ला अशूर याने स्वतःचा जीव धोक्यात घालून सिंहावर झेप घेतली, म्हणून तो वाचला. मात्र पायाचे अधूपण जन्मभर राहिले. आफ्रिकेतील या जमीनदाराचे पुढचे सारे आयुष्य एका आफ्रिकी माणसाच्या धाडसाचे देणे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८९६च्या अखेरीस तो बर्बेराहून उंटांचा तांडा घेऊन निघाला आणि उजाड वाळवंट तुडवीत १८९७ साली केनियाच्या उंच पठारावर येऊन पोहोचला. महिनोन्‌महिने काटेरी झुडपे पाहिलेल्या त्याच्या डोळ्यांना थंड हवा, वाहते झरे आणि क्षितिजापर्यंत पसरलेले हिरवे गवत दिसले. त्याला चेशायरची आठवण झाली असेल तर नवल नाही. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली, किंवा पाहिली असे त्याला वाटले: हा मुलूख जवळजवळ रिकामा आहे.

तो रिकामा का दिसत होता? १८९०च्या सुमारास बुळकांडीची साथ पूर्व आफ्रिकेवरून फिरली आणि मसाईंच्या गुरांचे कळपच्या कळप तिने आडवे केले. पाठोपाठ देवीची साथ आली, पाऊस हुकला, आणि गुरांवाचून भुकेलेल्या मसाई शाखा आपापसांत लढल्या. ज्या समाजाचे अन्न, वस्त्र, देवघेव आणि प्रतिष्ठा सारे काही गुरांवर अवलंबून, तो समाज दहा वर्षांत मोडून पडला. शिवाय पशुपालकांची कुरणे वर्षातून काही महिने रिकामी राहतात. गवत पुन्हा वाढावे म्हणून ती मुद्दामच रिकामी सोडलेली असतात. परक्या पाहुण्याने आजारी माणसाचे अंगण पाहिले आणि घराला मालकच नाही असा निष्कर्ष काढला, असे झाले.

याच काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे बांधली जात होती. १८९६ ते १९०१ या वर्षांत तिच्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेण्यात आले. त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मेले. ब्रिटिश सरकारचे पन्नास लाखांहून अधिक पौंड या लोहमार्गावर खर्च झाले. रेल्वे तयार झाली, पण तिच्यातून काय न्यायचे? तत्कालीन ब्रिटिश कमिशनर सर चार्ल्स इलियट याने उपाय शोधला: पठारावर गोऱ्या शेतकऱ्यांना जमिनी द्याव्यात, त्यांनी पीक काढावे आणि रेल्वेने ते वाहून न्यावे. १९०२च्या कायद्याने सरकारला अशा जमिनी देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे लोहमार्गाचा खर्च भरून निघावा म्हणून जमीन वाटली गेली, आणि ज्यांची जमीन होती त्यांना कोणी विचारले नाही.

डेलामेर १८९९ साली आयर्लंडमधील एनिस्किलनच्या अर्लची कन्या लेडी फ्लॉरेन्स कोल हिच्याशी विवाहबद्ध झाला होता. तिला घेऊन तो केनियात आला. त्याचे जमिनीचे पहिले दोन अर्ज नाकारले गेले. १९०३ साली तिसरा मंजूर झाला आणि न्जोरो येथील एक लाख एकर जमीन त्याला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली. भाडे वर्षाला २०० पौंड, आणि पाच वर्षांत ५ हजार पौंड जमिनीवर खर्च करण्याची अट. विषुववृत्त तेथून जात असल्याने त्याने त्या मळ्याला ‘इक्वेटर रँच’ असे नाव दिले.

आता या माणसाच्या कष्टांविषयी लिहिलेच पाहिजे, नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. व्हेल रॉयलचा हा वारस आणि अर्लची ती कन्या गवताने शाकारलेल्या मातीच्या झोपडीत राहू लागली. शेणामातीच्या जमिनीवर इंग्लंडहून आणलेले उंची सामान मांडलेले असे. त्याने न्यूझीलंडहून जातिवंत मेंढ्या मागविल्या. त्या बहुतेक मेल्या. न्जोरोच्या मातीत जनावरांना आवश्यक असलेल्या क्षारांची उणीव होती. मसाई आपली गुरे त्या भागात फारशी चारीत नसत, ती याच कारणाने. पण मसाईंना विचारावे असे आधी कोणाला सुचले नव्हते. मग त्याने इंग्लंडहून वळू आणले, गावठी गाईंशी संकर केला. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने आणि फुप्फुसांच्या रोगाने तीही गुरे गेली. मग गहू पेरला. पीक डोलू लागले आणि तांबेरा पडला. तेव्हा त्याने स्वतःच्या खर्चाने प्रयोगशाळा काढली, जाणकार माणूस नेमला आणि तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती शोधण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले. १९०८ साली त्याने पिठाची गिरणी काढली. तिचे नाव ‘उंगा’, स्वाहिली भाषेत पीठ. केनियात गहू पिकतो, दूधदुभते मोठ्या प्रमाणावर होते, याचे बरेचसे श्रेय या हट्टी माणसाच्या अपयशांना द्यावे लागते. हे सारे करण्यासाठी त्याने व्हेल रॉयलची मालमत्ता गहाण टाकली. मठाच्या जमिनीवर उभे राहिलेले कर्ज अशा रीतीने मसाईंच्या मुलुखात खर्च होऊ लागले.

परंतु जमीन नुसत्या घामाने आपली होते काय? येथेच कहाणीचा मुख्य पेच आहे.

ऑगस्ट १९०४ मध्ये नैवाशा येथे ब्रिटिश कमिशनर आणि मसाई पुढारी यांच्यात करार झाला. मसाईंचा लायबोन, म्हणजे धर्मप्रमुख, लेनाना आणि इतर पुढाऱ्यांनी कागदावर अंगठे उठविले. त्या कराराने रिफ्ट खोऱ्यातील रेल्वेलगतची उत्तम कुरणे मसाईंनी सोडली. बदल्यात त्यांना दोन राखीव प्रदेश मिळाले, एक उत्तरेस लायकिपिया पठारावर आणि दुसरा दक्षिणेस. दोन्ही भाग जोडणारी अर्धा मैल रुंदीची वाटही कबूल करण्यात आली. मसाई ही जात जोवर पृथ्वीवर आहे तोवर हा करार पाळला जाईल, असे वचन त्यात होते. दोन वर्षांनी, १९०६ साली, अशा मोकळ्या झालेल्या खोऱ्यातच डेलामेरला सोयसांबूची जमीन मिळाली. न्जोरोला जे साधले नाही ते येथे साधले. गुरे जगली, मेंढ्या वाढल्या. साधणारच होते, मसाईंनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली ती कुरणे होती.

वचन मात्र सात वर्षेही टिकले नाही. लायकिपियाचे पठारही गोऱ्या शेतकऱ्यांना हवेसे वाटू लागले. १९११ साली नवा करार करण्यात आला आणि उत्तरेच्या मसाईंनी लायकिपिया सोडून दक्षिणेच्या वाढविलेल्या राखीव प्रदेशात जावे असे ठरले. उत्तरेचा पुढारी लेगालिशू याचा या स्थलांतराला विरोध होता. हजारो माणसे आणि लाखो जनावरे थंडीपावसात डोंगर ओलांडून हलविण्यात आली. वाटेत कितीतरी माणसे व गुरे दगावली. लेगालिशू आणि त्याच्या सोबत्यांनी तेव्हा भाला उचलला नाही. त्यांनी वकील केला. १९१३ साली वसाहतीच्या उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी अपील न्यायालयाने निकाल दिला: मसाई हे ब्रिटिश प्रजाजन नव्हेत, ते परके राष्ट्र आहेत; परक्या राष्ट्राशी राजाने केलेला करार मोडला तर त्याची दाद देशाच्या न्यायालयात मागता येत नाही. जमीन घेताना ते सरकारच्या हुकमतीखाली होते, आणि न्याय मागताना परके ठरले.

बायबलच्या वाचकाला येथे नाबोथची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अहाब राजाने नाबोथचा द्राक्षमळा फुकट मागितला नव्हता. त्याहून चांगला मळा देतो, नाही तर दाम मोजतो, असे तो म्हणाला होता. मसाईंनाही दुसरी जमीन देऊ केली होतीच. नाबोथने नकार दिला तो मळ्याच्या किमतीसाठी नव्हे. पूर्वजांचे वतन विकण्याचा आपल्याला अधिकारच नाही, अशी त्याची श्रद्धा होती. ‘बदली जमीन दिली म्हणजे अन्याय राहिला नाही’ हा युक्तिवाद किती जुना आहे, हे त्या कथेवरून कळते.

डेलामेरचे मसाईंवर प्रेम होते, हे विशेष. तो त्यांची भाषा बोलत असे, संध्याकाळी त्यांच्यासोबत गप्पा मारीत बसे, त्यांनी गुरे चोरली तरी त्यांच्या हुशारीचे कौतुक करी. सोयसांबूवर त्याने मसाई गुराखी ठेवले. ज्या कुरणांवर ते मालक म्हणून फिरत होते तेथे ते पगारी गुराखी म्हणून परत आले. माणसावर प्रेम करावे आणि त्याची जमीन मात्र आपल्याकडे ठेवावी, यात त्याला विसंगती वाटली नाही. आपल्याला तरी नेहमी वाटते काय?

प्रेमाची ही मर्यादा त्याच्या आप्तांतही दिसते. लेडी फ्लॉरेन्सचा भाऊ गॅल्ब्रेथ कोल याचा मळाही एल्मेंटाइटाजवळच होता. मेंढी चोरल्याच्या संशयावरून त्याने १९११ साली एका आफ्रिकी माणसाला गोळी घातली व तो मेला. गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. लंडनच्या सरकारला मात्र हे पचले नाही आणि त्याला वसाहतीतून हद्दपार करण्यात आले. पुढे तो सोमाली वेशात लपून परत आला आणि अखेर त्याला राहू देण्यात आले. एका मेंढीची आणि एका माणसाची किंमत त्या मळ्यांवर कशी ठरत असे, याची ही नोंद आहे. लेडी फ्लॉरेन्स १९१४ साली नैरोबीत वारली. थोरल्या घरातून आलेल्या त्या स्त्रीने मातीच्या झोपडीत काढलेल्या वर्षांचा हिशेब इतिहासाने फारसा ठेवला नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. रेल्वेपाठोपाठ गुजराती व्यापारी, पंजाबी कारागीर आणि गोव्याचे कॅथलिक बांधव केनियात आले. गोवेकर मंडळी सरकारी कचेऱ्यांत कारकून झाली, कोणी शिंपी, कोणी आचारी, कोणी दुकानदार. डॉ. रोझेंदो रिबेरो हे गोव्याचे डॉक्टर १९०० साली नैरोबीत आले. माणसाळवलेल्या झेब्य्रावर बसून ते रुग्णांना भेटायला जात. १९०२ साली नैरोबीच्या बाजारात प्लेग आहे हे त्यांनी ओळखले. तथापि पठारावरील शेतजमीन हिंदी माणसाला द्यायची नाही, असे धोरण १९०६ ते १९०८ या काळात लंडनहून ठरले. रेल्वे बांधायला हिंदी हात चालत होते, जमीन कसायला चालत नव्हते.

या भेदभावाविरुद्ध हिंदी लोकांनी लढा दिला, आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांचा पुढारी होता लॉर्ड डेलामेर. १९२३ साली हा वाद विकोपाला गेला. गोऱ्यांपैकी काहींनी गव्हर्नरला पळवून नेण्याचा बेतही रचला होता. डेलामेर शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेला. हिंदुस्थानच्या बाजूने गेले श्रीनिवास शास्त्री, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले. ब्रिटिश सरकारने जुलै १९२३ मध्ये श्वेतपत्रिका काढली. पठार गोऱ्यांसाठीच राखून ठेवले. हिंदी लोकांची समान मतदारयादीची मागणी फेटाळली. आणि केनिया हा आफ्रिकी लोकांचा देश असून त्यांचे हित सर्वोपरी आहे, असे जाहीर केले. ते शेवटचे वाक्य मुख्यतः दोन भांडणाऱ्यांना गप्प करण्यासाठी घातले होते. परंतु त्या वाक्याने नकळत सत्य सांगितले. लंडनला गेलेल्या दोन्ही शिष्टमंडळांत ज्यांच्या जमिनीवरून भांडण चालले होते त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. आपल्या लोकांवर अन्याय झाला हे खरे. आपल्याहून मोठा अन्याय सोसणारा माणूस दाराबाहेर उभा होता, हेही तितकेच खरे.

हा आरसा आपल्या ख्रिस्तसभेपुढेही धरला पाहिजे. होली घोस्ट संघाच्या फादरांनी नैरोबीजवळ सेंट ऑस्टिनचे मिशन १८९९ साली उभारले आणि केनियात कॉफीच्या लागवडीला आरंभ करणाऱ्यांत ते होते. १९०२ साली इटलीहून कोन्सोलाता संघाचे मिशनरी किकुयू लोकांत आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले, कित्येकांनी तेथेच देह ठेवला. पण मिशनांनाही जमिनी मिळाल्या त्या त्याच सरकारच्या हातून. धर्मगुरू आणि गोरा यांच्यात फरक नाही, अशा अर्थाची म्हण किकुयू भाषेत रूढ झाली. शुभवर्तमान आणणाऱ्याच्या वाट्याला ही म्हण यावी, याची टोचणी आपल्याला लागली पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर गोऱ्या माजी सैनिकांना आणखी वीस लाखांहून अधिक एकर जमीन वाटण्यात आली. त्याच युद्धात भारवाहक म्हणून राबलेल्या आफ्रिकी माणसांना मिळाला तो ‘किपांडे’, म्हणजे गळ्यात अडकवायची नोंदणीची डबी. भाडेपट्ट्याची मुदत १९१५ सालीच ९९ वर्षांवरून ९९९ वर्षे करण्यात आली होती. नऊशे नव्याण्णव वर्षे! ज्यांनी मसाईंना दिलेले वचन सात वर्षे पाळले नाही, त्यांनी स्वतःसाठी जवळजवळ हजार वर्षांचा कागद करून घेतला.

१३ नोव्हेंबर १९३१ रोजी लॉर्ड डेलामेर वारला. सोयसांबूच्या भूमीतच त्याला पुरले. मागे राहिले ते पाच लाख पौंडांचे कर्ज. नैरोबीच्या मुख्य रस्त्याला त्याचे नाव दिले गेले, त्याचा पुतळा उभारला गेला. १९३५ साली एल्स्पेथ हक्सली हिने त्याचे दोन खंडी चरित्र लिहिले. त्याचे नावच ‘गोऱ्या माणसाचा देश’ अशा अर्थाचे होते. मुलगा टॉमस चौथा लॉर्ड झाला. १९४७ साली व्हेल रॉयल घराण्याच्या हातून गेले. आता घराण्याला इंग्लंडमध्ये परतायला तो वाडा उरला नव्हता. आफ्रिकेची जमीन हीच त्यांची जन्मभूमी झाली होती. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मनात सोयसांबूविषयी जी ओढ असेल, ती खोटी म्हणता येणार नाही. अन्यायाने आलेल्या जमिनीवरही मुले जन्मतात, खेळतात आणि तिच्यावर प्रेम करू लागतात. म्हणून तर अन्याय लवकर निस्तरावा लागतो. उशीर झाला की निस्तरताना दुसऱ्या निरपराधांना दुखवावे लागते.

१९५२ साली जमिनीच्या प्रश्नावरून किकुयूंत माऊ माऊचा उठाव पेटला. सरकारने आणीबाणी पुकारली, हजारो लोकांना छावण्यांत कोंडले, एक हजाराहून अधिक जणांना फाशी दिले. या वणव्यात पियो गामा पिंटो हे नाव पुढे येते. १९२७ साली नैरोबीत एका गोवेकर कुटुंबात जन्मलेले पिंटो शिक्षणासाठी हिंदुस्थानात राहिले आणि १९४९ साली केनियात परतले. किकुयूंच्या जमिनीच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन तयार करण्यात त्यांचा हात होता. १९५४ साली त्यांना अटक झाली. आधी मांडा बेटावर आणि मग काबार्नेट येथे मिळून पाच वर्षे त्यांनी बंदिवासात व नजरकैदेत काढली. १९२३ साली आपले लोक स्वतःच्या हक्कासाठी भांडले होते. पिंटो दुसऱ्याच्या जमिनीसाठी तुरुंगात गेले. तीस वर्षांत एवढे अंतर कापले गेले होते.

१९६२ साली लंडनच्या घटनापरिषदेत मसाई प्रतिनिधींनी १९०४ आणि १९११चे करार बाहेर काढले आणि जमीन परत मागितली. ब्रिटिश सरकारने नकार दिला. मसाईंनी सही केली नाही. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. पुष्कळ गोरे शेतकरी जमिनी विकून गेले. ‘दहा लाख एकर’ योजनेखाली सरकारने त्या जमिनी ब्रिटन आणि जागतिक बँक यांच्याकडून कर्ज काढून घेतल्या व आफ्रिकी शेतकऱ्यांना हप्त्यांनी विकल्या. म्हणजे पूर्वजांची जमीन नातवाने कर्ज काढून परत घ्यायची. कित्येक मोठे मळे तर नव्या सत्ताधाऱ्यांच्याच हाती गेले. पिंटो आता संसद सदस्य होते आणि भूमिहीनांच्या बाजूने बोलत होते. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीतील त्यांच्या घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांची लहान मुलगी गाडीत होती. स्वतंत्र केनियातील ती पहिली राजकीय हत्या.

पिंटोंचे स्नेही होते जोसेफ मुरुंबी. त्यांचा जन्म १९११ सालचा, एल्दामा रॅव्हिनचा. नेमके त्याच वर्षी मसाईंना लायकिपिया सोडण्याचा हुकूम झाला होता. वडील झुझार्ते आडनावाचे गोवेकर व्यापारी, आई मसाई लायबोनाची कन्या. शिक्षण बेंगळूर आणि बळ्ळारीच्या कॅथलिक शाळांत झाले. पुढे त्यांनी मुरुंबी हे आईकडचे नाव लावले. ते स्वतंत्र केनियाचे परराष्ट्रमंत्री आणि १९६६ साली उपराष्ट्राध्यक्ष झाले. पण वर्ष संपण्यापूर्वीच त्यांनी पद सोडले. पिंटोंच्या हत्येने त्यांचे मन विटले होते. त्यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. गोव्याची आणि मसाईंची, दोन्ही रक्ते एका माणसात होती, आणि सत्ता हाती आली तेव्हा त्याने ती ठेवून दिली.

डेलामेर घराणे देशात राहिले. नैरोबीतल्या रस्त्याचे नाव बदलून केन्याटा झाले आणि पुतळा सोयसांबूला नेण्यात आला. पुढे तिसऱ्या लॉर्डाचा पणतू टॉम चम्ली याच्या गोळीने एप्रिल २००५ मध्ये सोयसांबूवर एक मसाई वनरक्षक मरण पावला. तो दरोडेखोर असावा असे आपल्याला वाटले, असे टॉमने सांगितले. खटला सरकारनेच मागे घेतला आणि मसाई रस्त्यावर उतरले. वर्षभरानंतर, मे २००६ मध्ये, त्याच मळ्यावर चोरटी शिकार करीत असल्याच्या संशयावरून एका गवंड्याला गोळी लागून मृत्यू आला. २००९ साली न्यायालयाने टॉमला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून आठ महिन्यांची शिक्षा दिली. २०१६ साली तोही अकाली गेला. एल्मेंटाइटाच्या काठावर १९११ साली जे घडले होते त्याची सावली जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा पडली. फरक एवढाच की आता न्यायालयात शिक्षा झाली.

ऑगस्ट २००४ मध्ये, नैवाशाच्या कराराला शंभर वर्षे झाली तेव्हा, मसाई पुन्हा आपला कागद घेऊन उभे राहिले. लायकिपियात त्यांनी गुरे मळ्यांत घातली, पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला, मागणी मान्य झाली नाही. २०१० साली केनियाने नवी राज्यघटना स्वीकारली आणि परदेशी व्यक्तींना ९९ वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा राहणार नाही असे ठरविले. ९९९ वर्षांचा गर्व शंभर वर्षांत संपला. सोयसांबूची सुमारे ४८ हजार एकर जमीन आता वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र आहे आणि एल्मेंटाइटा सरोवर २०११ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

या साऱ्या कहाणीत दुष्ट माणसे फार थोडी आहेत. कष्टाळू माणसे पुष्कळ आहेत, कायद्याने वागणारी आहेत, प्रेमळही आहेत. लॉर्ड डेलामेरने घाम गाळला, पैसा घालवला, बायकोचे आयुष्य आणि स्वतःचे हाडीमांसी या जमिनीत मिसळले. त्याच्या घामाला मोल नव्हते असे कोणी म्हणू नये. पण घामाने पिकावर हक्क येतो. ज्याचे वचन मोडून जमीन घेतली त्याचा तिच्यावरचा हक्क घामाने बुडत नाही. भूमी परमेश्वराची आहे आणि माणूस तिच्यावर पाहुणा आहे, असे जुन्या करारातील लेवीय ग्रंथ सांगतो. पाहुण्याने यजमानाला उंबऱ्याबाहेर काढले तर त्याने अंगण कितीही स्वच्छ झाडले तरी त्याचे पुण्य होत नाही.

नोव्हेंबर हा आपण मृतांचे स्मरण करण्याचा महिना. एल्मेंटाइटाच्या काठी डेलामेर निजला आहे. नैरोबीच्या सिटी पार्क दफनभूमीत पियो गामा पिंटो आहेत, आणि त्यांच्या जवळच, स्वतःच्या इच्छेनुसार, १९९० साली वारलेले जोसेफ मुरुंबी. लायकिपियाच्या वाटेवर थंडीत मेलेल्या मसाईंच्या थडग्यांवर दगडही नाहीत. प्रार्थना करताना त्यांची आठवण आधी व्हावी.